नायबाचा अधिकार

तहसील कचेरीत ज्यांचे काम पडले आहे त्यांस 'नायब तहसीलदार' हे नाव परिचित आहे. गोवा केंद्रशासित होता तोवर, म्हणजे १९८७ पर्यंत, तेथील शासनप्रमुखासही मराठीत 'नायब राज्यपाल' म्हणत. नायब हा मूळचा अरबी शब्द. दुसऱ्याच्या वतीने, त्याच्या जागी राहून कारभार पाहणारा, असा त्याचा अर्थ. नागरिकशास्त्र शिकताना आम्हांस प्रश्न पडला, की अशा नायबाच्या हाती सत्ता किती असावी? उत्तरासाठी दूर जावयास नको. आपल्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासातच ते सापडते.

१३४७ साली स्थापन झालेल्या बहमनी राज्याची पहिली राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी. पहिल्या महंमदशहाने राज्याच्या चार तर्फा केल्या : गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड व बिदर. प्रत्येकीवर एक तर्फदार असे. गुलबर्ग्याच्या तर्फदाराची पदवीच मुळी 'मलिक नायब' अशी होती. राजधानी त्याच्या तर्फेत, तेव्हा हा मान त्यास मिळणे साहजिकच होते. तर्फदार सारा वसूल करी, फौज बाळगी आणि आपल्या मुलखातील अधिकारीही नेमी. ज्याच्या हाती पैसा, फौज व किल्ले, त्यास नायब म्हणावे की धनी?

पुढे राजधानी बिदरास गेली. तेथे वजीर महमूद गवान याने हा धोका ओळखला. त्याचा १४७२ मधील मदरसा आम्ही सहलीस जाऊन पाहतो. त्याची राज्यव्यवस्था मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्याने चारांच्या आठ तर्फा केल्या. तर्फदाराकडे एकच किल्ला ठेवला व बाकीचे किल्लेदार सुलतानाने नेमावेत असे ठरविले. पगार घ्यावयाचा पण पुरते सैनिक ठेवावयाचे नाहीत, या प्रकारासही त्याने आळा घातला. सरदार चिडले. गवानाच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर बनावट पत्र लिहून त्यांनी त्यास राजद्रोही ठरविले, आणि तिसऱ्या महंमदशहाने शहानिशा न करताच १४८१ साली त्याचा वध करविला. दहा वर्षे लोटली न लोटली तोच विजापूर, अहमदनगर व वऱ्हाड येथील अधिकारी स्वतंत्र होऊ लागले. बिदरचा सुलतान बरिदांच्या हातचे बाहुले झाला. राजाच नायबाचा नायब बनला म्हणा ना!

आज आपल्या राज्यघटनेत राज्यांसाठी उपराज्यपालाचे पदच नाही. ते आहे काही केंद्रशासित प्रदेशांत, आणि तेथे तो राष्ट्रपतींच्या वतीने कारभार पाहतो. दिल्लीस विधानसभा व मंत्रिमंडळ असूनही पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था व जमीन हे विषय त्या विधानसभेच्या कक्षेत येत नाहीत. किल्ले कोणाच्या ताब्यात, हा जुनाच प्रश्न तेथे नव्या रूपात उभा राहतो.

कर्नाटकात राज्यपाल असून सर्वसाधारणपणे ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. आपल्या भागापुरते मात्र २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (ज) घालण्यात आले. त्यानुसार येथील विकासासाठी स्वतंत्र मंडळ स्थापण्याची खास जबाबदारी राज्यपालांवर सोपविता येते. त्या मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा लागतो.