लहान पेटीतला खर्ज

गेल्या पावसाळ्यात माझे थोरले बंधू दोन महिने आमच्या दिल्लीच्या बिऱ्हाडी राहावयास आले होते. तरुणपणी गावच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवीत. आता बोटांचे सांधे दुखतात, त्यामुळे वाजविणे सुटले. ऐकणे मात्र सुटलेले नाही. एके दिवशी भिंतीवरच्या रुंद, चपट्या दूरदर्शनसंचावर मी त्यांना एका भजनाच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण लावून दिले. चित्र मोठे लखलखीत होते. दादांनी पाच मिनिटे ऐकले आणि विचारले, "वाजविणारा डाव्या हाताने काही करतो आहे, एवढे दिसते. ते ऐकू का येत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी ज्या वस्तूपर्यंत पोहोचलो, तिला बाजारात सबवूफर म्हणतात. घरी चित्रपट पाहण्याच्या साधनांचा जो संच असतो, ज्याला आपण होम थिएटर म्हणतो, त्यातली ही खर्जाची पेटी. तिच्या जाहिरातींत मोठमोठे आकडे असतात. आपली घरे लहान असल्यामुळे जो तो लहान पेटी मागतो. अशी लहान पेटी निवडताना आपण नेमके काय मिळवितो आणि त्याच्या मोबदल्यात काय देतो, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम दादांच्या प्रश्नाकडे वळू. स्वराची उंची सेकंदाला होणाऱ्या कंपनांवर ठरते. एखादा गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ कंपनांची असते. माणसाचा कान साधारणपणे २० कंपनांपर्यंत खाली ऐकू शकतो. चपट्या दूरदर्शनसंचात बसविलेले ध्वनिक्षेपक तळहाताएवढेही नसतात. १०० कंपनांच्या खाली त्यांचा आवाज झपाट्याने क्षीण होतो. तरीही खर्ज मुळीच नाही असे आपणांस वाटत नाही, याचे कारण आपला कान उदार आहे. मूळ स्वर नाहीसा झाला तरी त्याच्या वरच्या सहस्वरांवरून तो मूळ स्वराचा अदमास बांधतो. स्वर ओळखू येतो, पण त्याचे वजन जाणवत नाही. ज्याने चाळीस वर्षे डाव्या हाताखाली ते वजन अनुभवले, तो अशा अदमासावर समाधान मानीत नाही.

आता हे वजन येते कोठून? ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. स्वर जितका खालचा, तितकी अधिक हवा ढकलावी लागते. आणि हे प्रमाण सरळ नसून वर्गाचे आहे. आवाजाचा जोर तोच ठेवून एक सप्तक खाली उतरावयाचे, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. ८० कंपनांना जो पडदा १ मिलिमीटर हलला, त्याला ४० कंपनांना ४ मिलिमीटर आणि २० कंपनांना १६ मिलिमीटर हलावे लागेल. त्यात भर म्हणजे आपला कान खालच्या स्वरांना बराच बहिरा आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखविले. खर्ज इतर स्वरांच्या बरोबरीने ऐकू यावा, तर तो प्रत्यक्षात पुष्कळच अधिक जोराने वाजवावा लागतो.

पडदा लहान असला की अडचण आणखी वाढते. १२ इंची पडद्याचे क्षेत्रफळ ८ इंची पडद्याच्या सव्वादोनपट असते. तेव्हा तेवढीच हवा ढकलण्यासाठी लहान पडद्याला सव्वादोनपट अंतर धावावे लागते. म्हणूनच सबवूफर घेताना, ही पेटी किती हवा हलवू शकते, हा पहिला प्रश्न विचारावा.

हे सारे मी दादांना समजावून सांगत होतो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबविले. म्हणाले, "आमच्याकडे कणीक असते." पखवाज वाजविण्यापूर्वी डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. कणीक नसेल तर ते कातडे उंच आणि पोकळ बोलते. कणीक लावली की तेच कातडे, त्याच आकाराचे, खर्जात उतरते. डग्ग्यावरची शाई हेच काम कायमचे करते. वजन वाढले की कंपने मंदावतात. "पण," दादा पुढे म्हणाले, "कणीक जास्त झाली की हात भरून येतो. वाजवायला जोर लागतो."

लहान सबवूफरचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांत आले. रचनाकार लहान पडदा मुद्दाम जड करतो, म्हणजे तो खाली उतरतो. आणि जड पडदा हलविण्यासाठी मोठा वर्धक जोडतो. या देवघेवीचे गणित ध्वनिशास्त्रात हॉफमन यांचा पोलादी नियम म्हणून प्रसिद्ध आहे. जे. अँटन हॉफमन हे १९५७ साली निघालेल्या के.एल.एच. या अमेरिकन ध्वनिक्षेपक कंपनीच्या तिघा संस्थापकांपैकी एक. त्यांच्या नियमाचा आशय असा की लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तीन वरांपैकी कोणतेही दोन मागा. तिसरा मिळणार नाही. याला हिशेबही आहे. खर्जाची मर्यादा एक सप्तक खाली न्यावयाची, तर पेटीचे घनफळ आठपट करावे लागते. पेटी तेवढीच ठेवली, तर शक्ती आठपट पुरवावी लागते.

हा सौदा लोकांनी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतींनी केला. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी पेटी हवाबंद केली आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. त्यामुळे कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज फळीवर मावणाऱ्या पेटीतून निघू लागला. पण वर्धक अधिक ताकदीचा लागू लागला. पुढे १९९६ च्या सुमारास बॉब कार्व्हर यांनी तर केवळ ११ इंच बाजूच्या घनाकृती पेटीत २७०० वॅटचा वर्धक बसविला. नियम मोडला नाही. फक्त त्याची पूर्ण किंमत मोजली.

मी स्वतः ही किंमत न समजता पहिली खरेदी केली. पेटीच्या खोक्यावर काही हजार वॅट असे ठळक अक्षरांत छापलेले होते. त्यापुढे पी.एम.पी.ओ. ही अक्षरे बारीक होती. हा आकडा क्षणभराच्या, कल्पनेतल्या शिखराचा असतो आणि त्याचे मोजमाप कोणत्याही शिस्तीने बांधलेले नाही. पाहावयाचा तो आर.एम.एस. म्हणून दिलेला, सतत टिकणाऱ्या शक्तीचा आकडा. माझ्या पेटीच्या पाठीवर तो शोधला तेव्हा तो शंभराच्याही आत निघाला. आवाज मात्र दणदणीत होता. दादांनी तोच पखवाज पुन्हा ऐकला आणि म्हणाले, "याला एकच अक्षर येते." खरेच, वादकाने काहीही वाजविले तरी पेटी एकाच स्वरात घुमत होती. दुकानदाराने ती परत घेतली, हे आमचे नशीब.

या अनुभवावरून पेट्यांच्या जाती समजून घेणे मला आवश्यक वाटले. हवाबंद पेटीचा खर्ज एका मर्यादेखाली सावकाश उतरत जातो. नळीच्या पेटीत आतली हवा एका नळीतून बाहेर डोलते आणि खालच्या स्वरांना हातभार लावते. त्यामुळे तेवढ्याच शक्तीत अधिक आवाज मिळतो. परंतु नळीच्या नेमलेल्या स्वराखाली हा हातभार एकाएकी संपतो आणि आवाज दुप्पट वेगाने कोसळतो. शिवाय पेटी फार लहान असेल, तर नळी अरुंद करावी लागते आणि तिच्यातून हवेचा फुसफुसाट ऐकू येतो. तो टाळण्यासाठी काही पेट्यांत नळीऐवजी चुंबक नसलेला दुसरा पडदा बसवितात. लहान खोलीत हवाबंद पेटीला एक फायदा आपोआप मिळतो, तो असा की अगदी खालच्या स्वरांना खोली स्वतःच उचलून धरते. लहान पेटी आणि लहान खोली यांचे हे जुळणे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

यानंतरचा प्रश्न उपयोगाचा. आपणांस ऐकावयाचे काय? आपले गायन, तबला आणि पखवाज यांसाठी ४० कंपनांपर्यंत नीट उतरणारी पेटी पुरेशी आहे. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तारही ४१ कंपनांची असते. त्याखालचा प्रदेश मुख्यतः चित्रपटांतल्या स्फोटांचा आणि भूकंपांचा. संचावर ५.१ असे लिहिलेले असते, त्यातला दशांश एक म्हणजे याच गडगडाटासाठी राखून ठेवलेला, सुमारे १२० कंपनांपर्यंतचा स्वतंत्र मार्ग. ज्यांना तो अनुभव घरी चित्रपटगृहासारखाच हवा, त्यांनी लहान पेटीचा हट्ट सोडावा. ज्यांना संगीत आणि माफक चित्रपट हवेत, त्यांचे ८ किंवा १० इंची पडद्याच्या प्रामाणिक पेटीवर चांगले भागते.

दुकानात परीक्षा घेताना स्फोटाचे दृश्य लावू नये. त्यात सर्वच पेट्या शूर वाटतात. डग्ग्यावर तळव्याने दाब देत वादक 'घे' हे अक्षर कसे वर चढवितो, ते ऐकावे. तो चढ स्पष्ट कळला, तर पेटी चांगली. एकच घुमारा आला, तर पुढे चालावे. आणखी एक दक्षता घ्यावी. आजकालच्या लहान पेट्यांत पडद्याला इजा होऊ नये म्हणून एक पहारेकरी विद्युत्‌मंडल असते. आवाज वाढविला की ते खर्ज हळूच छाटून टाकते. म्हणून आपण घरी जेवढ्या आवाजात ऐकतो, तेवढ्याच आवाजात ती ऐकून पाहावी.

आम्ही दुसऱ्यांदा १० इंची पडद्याची, सव्वा फूट बाजूची हवाबंद पेटी आणली. ती घरात आली, सोयीच्या कोपऱ्यात ठेवली, आणि पुन्हा निराशा झाली. या वेळी दोष पेटीचा नव्हता, जागेचा होता. ४० कंपनांच्या ध्वनितरंगाची लांबी सुमारे २८ फूट असते. आमची खोली १४ फुटांची, म्हणजे बरोबर निम्मी. अशा खोलीत तो स्वर समोरासमोरच्या दोन भिंतींपाशी फुगतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. दादांची खुर्ची नेमकी मध्यावर होती!

यावर एक जुनी युक्ती आहे. पेटीच उचलून ऐकणाऱ्याच्या जागी ठेवावी, एखादे खर्जाचे वादन लावावे आणि आपण भिंतीच्या कडेकडेने जमिनीलगत रांगत जावे. जेथे खर्ज भरदार आणि सारखा ऐकू येईल, ती पेटीची जागा. ध्वनीच्या मार्गात उगम आणि श्रोता यांची अदलाबदल चालते, या तत्त्वावर ही युक्ती उभी आहे. साठी उलटलेला गृहस्थ दिवाणखान्यात रांगताना पाहून नातवंडांची करमणूक झाली, हा लाभ वेगळा. आम्ही पेटी एका लांब भिंतीच्या तिसऱ्या हिश्शावर सरकविली आणि दादांची खुर्ची हातभर मागे घेतली.

मग बाकीच्या जुळण्या कराव्या लागतात. इतर ध्वनिक्षेपकांकडून खर्ज काढून पेटीकडे सोपविण्याची सीमा साधारण ८० कंपनांवर ठेवावी. त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो, हे कानाला फारसे कळत नाही. इतर ध्वनिक्षेपक अगदीच चिमुकले असतील, तर सीमा १०० ते १२० पर्यंत वर न्यावी लागते. मात्र मग पेटी समोरच्या ध्वनिक्षेपकांजवळच असावी, नाहीतर गाणारा एकीकडे आणि त्याचा खर्ज दुसरीकडे अशी स्थिती होते. आवाजाची पातळी तंबोऱ्यासारखी असावी. तंबोरा वाजत असताना त्याच्याकडे लक्ष जात नाही, थांबला की मात्र चुकल्यासारखे होते.

असे सगळे जमल्याच्या आनंदात त्या रात्री आम्ही एक चित्रपट लावला. साडेदहाच्या सुमारास खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. फार सौम्यपणे ते म्हणाले की त्यांच्या मांडणीवरची भांडी वाजत आहेत, आणि त्यांच्या वृद्ध आई दोनदा दचकून उठल्या. मी ओशाळलो. वरचे स्वर भिंत अडविते. खालच्या स्वरांपुढे मात्र तीच भिंत दुबळी पडते. कंपने निम्मी झाली की तिची अडविण्याची शक्ती ढोबळमानाने ६ डेसिबलने घटते. पेटीखाली रबराची किंवा फोमची बैठक घातली, तर लादीत थेट उतरणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा खर्ज तिने थांबत नाही. त्याला एकच उपाय, तो म्हणजे घड्याळ पाहणे. बहुतेक संचांत रात्रीसाठी स्वतंत्र जुळणी असते, ती वापरावी. आणि फार उशीर झाला असेल, तर पेटी सरळ बंद करावी. सदनिकेत राहणाऱ्याने २० कंपनांपर्यंत उतरणाऱ्या मोठ्या पेटीचा मोह का आवरावा, याचे माझ्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे. लहान पेटी जे सोडून देते, त्यातले पुष्कळसे आपल्या शेजाऱ्याच्याच वाट्याला जाणारे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, खालच्या आजींची पूजा आटोपली आहे अशी खात्री करून घेऊन, मी दादांना तेच भजन पुन्हा लावून दिले. या वेळी त्यांनी काही विचारले नाही. थोड्या वेळाने पाहिले, तो त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर, न दुखेल इतक्या हळुवारपणे, ठेका धरीत होता.