सहा बाटल्यांचा दिवस

सकाळी ६:१०
बेळगावातलं अनगोळ. गल्लीत नळ आलाय, त्यामुळं घागरी-बादल्यांचा आवाज सुरू आहे. घराच्या सोप्यात पत्र्याची एक लांब पेटी. तिच्या मागच्या अंगाला काचेची नळी, सव्वा मीटर लांब. साठ वॅटचा कार्बन डायऑक्साइड लेसर.

मशीनचा मालक उद्यमबागेतल्या कारखान्यात व्हीएमसी हे धातूकामाचं मशीन चालवतो. पगार १६,००० रुपये. आज साप्ताहिक सुट्टी. सांगाडा त्यानं स्वतः जोडलाय. चौकोनी पाइप भंगारातले, बेअरिंग मात्र नवे. ट्यूब, पॉवर सप्लाय आणि कंट्रोलर कुरिअरनं मागवलेले. एकट्या ट्यूबचे १४,५०० पडले. हौस म्हणून सुरू केलं. आता लग्नसराईत हौस थोडे पैसे देते.

तो आधी पाण्याकडं जातो. मशीनशेजारी चाळीस लिटरचं झाकणाचं पिंप. आत डिस्टिल वॉटर. बॅटरीच्या दुकानातून पाच लिटरचा कॅन १०० रुपयांना मिळतो. बोअरचं पाणी फुकट आहे, पण त्यातल्या क्षारांचा थर काचेवर बसतो, शिवाय विजेला पाण्यातून वाट मिळते. थर्मामीटर बघतो. २४ अंश.

सकाळी ६:३०
पंप सुरू. नळीभोवती काचेचाच दुसरा कोष असतो, पाणी त्यातून फिरतं. तो टॉर्च मारून बुडबुडे शोधतो. एक सापडतो, नेमका प्रकाश बाहेर पडतो त्या टोकाला. बुडबुडा असेल तिथं काचेला पाणी लागत नाही. काच तापते आणि तडकते. पाणी बाहेर पडायची तोटी वरच्या अंगाला ठेवलेलीच आहे, तरी तो पाइप हलक्या हातानं दाबतो, सोडतो, पेटी एका बाजूनं इंचभर उचलतो. बुडबुडा सुटेपर्यंत दहा मिनिटं जातात. या दहा मिनिटांचे पैसे कोणी देत नाही.

मग परीक्षा. पाइप हातानं मुडपतो. प्रवाह थांबतो, फ्लो स्विच सुटतो, पॉवर सप्लाय बंद पडतो. बटण दाबून बघतो, नळी पेटत नाही. बरोबर. हा स्विच ऐनवेळी चुकला तर १४,५०० रुपये गेलेच.

सकाळी ७:००
नोझलला मास्किंग टेप चिकटवून एक टिचकी, म्हणजे क्षणभराचा फायर. टेपवर काळा ठिपका उठतो. बेडचे चारही कोपरे असेच तपासतो. तीन आरशांवरून वळून आलेला किरण सगळीकडं मधोमध पडायला हवा. डोळ्यांना काहीच दिसत नाही. हा उजेड १०.६ मायक्रॉनचा, आपल्या नजरेच्या पलीकडचा. झाकणाची अॅक्रिलिकची काच तो अडवते, म्हणून झाकण उघडं टाकून काम नाही. पिवळी लेन्स काढून कापसानं पुसतो.

सकाळी ७:२०
पहिला जॉब रुखवताचा. वडगावच्या लग्नघरातून आलेला. तीन मिलिमीटर एमडीएफमध्ये वधू-वरांची नावं, छोटी घागर, सूप, पाटा-वरवंटा. एक्झॉस्ट पंखा सुरू, एअर पंप सुरू. कंट्रोलर सांगेल त्या टक्क्यानं पॉवर सप्लाय नळीत करंट सोडतो. पेटायला वीस हजार व्होल्टच्या वर लागतात. मीटरचा काटा १८ मिलिअँपिअरवर. थोडा जास्त सोडला तर वेग वाढेल, पण ट्यूबचं आयुष्य घटेल. तो १८च्या वर जात नाही.

लेसरचं डोकं सेकंदाला पंधरा मिलिमीटर सरकतं. जळक्या लाकडाचा वास. तो स्टूल सोडत नाही. लाकूड आहे, कधीही पेट घेऊ शकतं. पायाशी वाळूची बादली.

दर मिनिटाला १० रुपये. जॉब ५२ मिनिटांचा.

सकाळी ८:२०
पाणी २८. नळी सलग चालली की दहा-बारा मिनिटांत एक अंश चढतो. नळीत शिरलेल्या विजेतली थोडीच प्रकाश होऊन बाहेर पडते, बाकीची उष्णता. या नळीचं गणित पहिल्यांदा जमवलं ते कुमार पटेल यांनी, १९६४ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. मला याचं फार अप्रूप वाटतं, आणि उद्यमबागेतल्या प्रत्येक पोराला हे माहीत असावं असंही वाटतं. नळीत कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन आणि हेलियम असतो. वीज नायट्रोजनला चेतवते, तो ती ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतो, त्यातून प्रकाश येतो. उरलेली उष्णता हेलियम काचेपर्यंत पोचवतो. तिथून पुढं ती पाण्याची जबाबदारी. पाणी तापलं की प्रकाश अशक्त होतो, एमडीएफ आरपार कापला जात नाही.

तो आत जाऊन बर्फाची बाटली आणतो. दोन लिटरची, बूच घट्ट लावलेली, म्हणजे नळाचं पाणी पिंपात मिसळायला नको. एक बाटली वितळली की पिंप साधारण चार अंश उतरतं. तासाच्या कटिंगला एक बाटली, असा हिशेब. एकूण सहा. तीन घरच्या फ्रीजमध्ये, तीन शेजारच्या काकूंच्या. काकूंच्या दारावरची नावाची पाटी त्याच बोलीवर झालीय.

"अरे, बर्फाच्या कप्प्यात माझं काही ठेवायला जागा ठेव की," आई आतून म्हणते.

"आजच्या दिवस, आई."

"दर सुट्टीला आजचाच दिवस असतोय तुझा."

कॉम्प्रेसरचा चिलर घेतला तर बाटल्या सुटतील. पण त्याला दोन-तीन पगार लागतील.

सकाळी १०:४५
टिळकवाडीहून एक काका येतात. हातात सनबोर्डाचा तुकडा. दुकानाची अक्षरं हवीत.

"हे होत नाही काका."

"का रे? लाकूड कापतंस की."

तो गॅस पेटवतो. तांब्याची तार लाल करतो, सनबोर्डाला टेकवतो, पुन्हा ज्योतीत धरतो. ज्योत हिरवी होते. आत क्लोरिन आहे. लेसरखाली त्याचा धूर घशाला लागतो आणि मशीनच्या पट्ट्या गंजवतो. काका अॅक्रिलिक घ्यायला तयार होतात. पाटी मराठी आणि कन्नड दोन्हीत. कन्नड मजकूर काकांच्या मुलीनं मोबाइलवर पाठवलाय. अक्षरांच्या रेषा, म्हणजे कर्व्ह, करताना एक जोडाक्षर तुटतं, ते हातानं जुळवतो. त्यात अर्धा तास. कापायला ३१ मिनिटं. दुसरी बाटली.

दुपारी १:३०
सोप्यात ३५ अंश. झाकणबंद पिंपाचं पाणी या हवेत पंखा लावूनही थंड होणार नाही. बाटली टाकली तर निम्मा बर्फ हवेलाच जाणार. मशीन बंद. भाकरी, आमटी, झोप.

दुपारी ४:२०
पश्चिमेला ढग. वळीव. पहिल्या गडगडाटालाच तो प्लग ओढतो, दोन मिनिटांनी हेस्कॉमची वीजही जाते. गारा पडतात. मुलं रस्त्यावर.

संध्याकाळी ५:५०
वीज आली. हवा गार झालीय. मला वाटलं, आता सुटला. तो मात्र नळीवरून बोट फिरवतो. बोट ओलं. दुपारी उठल्या-उठल्या पिंपात टाकलेल्या तिसऱ्या बाटलीनं पाणी २० अंशांवर आणलंय, आणि पावसानंतरच्या दमट हवेचं दव काचेवर धरलंय. ओल्या काचेवरून वीस हजार व्होल्ट भलत्याच वाटेनं पळतील. सांगाड्याला अर्थिंग आहे, घरामागं खड्डा खणून घातलेलं, तरी तो थांबतो. बाटली बाहेर काढतो. फडक्यानं नळी पुसतो, लाल वायरीच्या टोकाला हात न लावता. पाणी २४वर येईस्तोवर काम नाही.

संध्याकाळी ७:१५
तिसरा जॉब. ट्रॉफीच्या तळपट्ट्या, ३८ मिनिटं. एकही बाटली लागत नाही.

रात्री ९:००
वही. १२१ मिनिटं, १,२१० रुपये. मटेरियलचे वेगळे. मिनिटाला दोन रुपये ट्यूबच्या नावानं डब्यात, म्हणजे २४२. डिस्टिल वॉटरचा एक कॅन वजा. वीज अंदाजानं वजा. हाती साडेआठशेच्या आसपास. सव्वासहापासून तो पायावर आहे, मधली झोप सोडून.

वडगावचं लग्नघर रुखवत न्यायला येतं. नवरीचा मामा नावं उलटसुलट करून बघतो, कडा काळ्या कशा म्हणून विचारतो, वीस रुपये कमी देतो. तो घेतो. तीन वितळलेल्या बाटल्या काकूंकडं पोचवून येतो. उद्या पहिली पाळी, साडेसहाला गेटवर.