भाकरीवर चालणारी सायकल

हिवाळ्यातला सुट्टीचा दिवस आहे. दिग्रसला सकाळी हँडल धरलं की बोटं गारठतात, पण आज शाळा नाही आणि कुठे वेळेवर पोहोचायचंही नाही. धावंडा नदीकाठच्या या गावातून बाहेर पडायचं, अरुणावतीच्या धरणाकडे रमतगमत जायचं, वाटेत मिळेल ते खायचं आणि ऊन उतरलं की परत फिरायचं. येताय ना? मग आधी टायर दाबून बघा. नरम वाटतंय? पंप आणा.

दहा-पंधरा वेळा जोरात हवा मारली की पंपाच्या खालच्या भागाला हात लावा. चांगलाच तापलेला असेल! आत कोंडलेली हवा तुम्ही जोर लावून दाबली, त्या जोराचीच ही उष्णता. हवेचं टायर सर्वांच्या वापरात आलं ते जॉन बॉइड डनलॉप यांच्यामुळे. ते गुराढोरांचे डॉक्टर होते. 1888 साली बेलफास्टमध्ये त्यांनी आपल्या लेकाच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसवली, कारण भरीव रबराच्या चाकांवर पोराला फार हादरे बसत.

चला, टांग मारा. पण थांबा, मोटारसायकलला पेट्रोल लागतं, मग सायकलचं पेट्रोल कुठे आहे? ते आहे कॅरियरला लावलेल्या डब्यात: ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, घातलेली वांग्याची भाजी.

गावाबाहेर पडलो की भाकरीचा एक कोरडा तुकडा तोंडात टाका. चटणी नको, भाजी नको. गिळायचा नाही, नुसता चावत राहायचा. आधी काहीच चव लागणार नाही. मग मिनिट-दोन मिनिटांनी भाकर हळूहळू गोड लागायला लागेल. साखर कोणी घातली? कोणीच नाही, ती भाकरीतच होती. भाकरीतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोज नावाच्या साखरेच्या कणांची लांबच लांब माळ असते. माळ अख्खी असेपर्यंत जिभेला गोडी कळत नाही. लाळेतलं अमायलेझ हे विकर ती माळ तोडायला लागतं, तिचे छोटे तुकडे होतात आणि गोडवा जाणवतो. उरलेलं काम लहान आतड्यात होतं. तिथून सुटं ग्लुकोज रक्तात उतरतं आणि रक्ताबरोबर पायांच्या स्नायूंपर्यंत जातं.

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम चमचाभर साखर असते, फक्त चार-पाच ग्रॅम. एवढ्यावर सायकल किती वेळ चालणार? म्हणून शरीर जास्तीचं ग्लुकोज पुन्हा जोडून यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. या साठ्याला ग्लायकोजन म्हणतात. पायडल मारताना पाय आधी त्यालाच हात घालतात.

एव्हाना तुम्ही स्वेटर काढून कमरेला बांधला असेल. ऊन अजून कोवळं आहे, मग गरम का होतंय? स्नायू अन्नातली ऊर्जा वापरतात तेव्हा तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पायडलपर्यंत पोहोचतो. बाकीची सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायला घाम येतो, आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. थंडीतही पाण्याची बाटली लागते ती यासाठी.

तरीही सायकल फार काटकसरी वाहन आहे. ऑक्सफर्डचे अभियंते एस. एस. विल्सन यांनी 1973 साली लिहिलं होतं की, चालायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या साधारण पाचव्या हिश्शात माणूस सायकलवरून तेवढंच अंतर कापतो. चालताना प्रत्येक पावलाला आपलं अंग जरासं वर उचललं जातं आणि खाली येतं. सायकलवर तो भार सीट पेलते, आणि पाय नुसते फिरत राहतात. मध्यम भाकरीत साधारण 200 किलोकॅलरी असतात. तुमच्याएवढं मूल हळूहळू सायकल चालवत असेल, तर अंदाजे तासभर तेवढ्यावर निघतो.

मी ‘हळूहळू’ म्हटलं ते मुद्दाम. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्याला भेदायला दर क्षणाला आठपट ऊर्जा लागते. मोठ्या मुलांशी शर्यत लावली तर तुमची बरीचशी भाकर वारा कापण्यातच खर्ची पडेल. त्यापेक्षा रमतगमत चला. दोन्ही बाजूंना काळ्या मातीत कापूस फुटलाय, तुरीला शेंगा लगडल्यात, ते बघायलाही सवड मिळते. (ही माती पावसाळ्यात चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी गच्च बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते!)

आता ज्वारीचं शेत शोधू या. खरंच शोधावं लागतं, कारण या भागात कापूस, तूर आणि सोयाबीन वाढलं आणि ज्वारी मागे पडली. मला त्याचं फार वाईट वाटतं. एखाद्या धुऱ्याजवळ धूर दिसला, गोवऱ्यांची आगटी पेटलेली असली, की बेल वाजवून विचारायचं, “काका, हुरडा आहे का?” काका कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसतात, गरम गरमच तळहातावर चोळतात, फुंकर घालून कोंडा उडवतात आणि हिरवे दाणे तुमच्या ओंजळीत टाकतात. “हयू हयू खा रे, तोंड पोयन!”

हे दाणे चावा. इथे मिनिटभर थांबावं लागत नाही, पहिल्याच घासाला गोड! भाकरही ज्वारीचीच होती, मग असं का? ज्वारीचं पान सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं. ती साखर कणसात येते आणि दाणा पिकताना तिचं पिष्ट होत जातं. हुरड्याचा दाणा अजून कोवळा असतो. त्यातली बरीच साखर मोकळीच असते. झाडाचं जोडायचं काम आपण मध्येच थांबवतो, म्हणून हुरडा गोड. झाडाने पूर्ण जोडलेलं आपण तोंडात तोडतो, म्हणून भाकर चावून चावून गोड. मला तर या दोन गोड चवींइतकी नवलाची गोष्ट दुसरी वाटत नाही.

याचा अर्थ तुमची सायकल सूर्यावर चालते. सूर्यापासून निघालेला प्रकाश सुमारे 8 मिनिटं 20 सेकंदांत या पानांवर पोहोचला, मग दाण्यात अडकून पडला आणि आता तुमच्या पायातून चाकात उतरतोय. धापा टाकताना तुम्ही सोडलेल्या श्वासात पानाने घेतलेलाच कार्बन डायऑक्साइड परत हवेत जातो. बांधावरची तूर तो पुन्हा घेऊ शकते.

धरणाजवळ कडुनिंबाखाली डबा उघडा. अरुणावतीचं हे पाणी पुढे पैनगंगेला जातं आणि तिथून वर्धा, प्राणहिता करत गोदावरीला मिळतं. जेवण झाल्याबरोबर मात्र सायकलवर बसू नका. पचनासाठी आतड्यांना जास्त रक्त लागतं, आणि त्याच वेळी पायही मागायला लागले की पोटात कळ येऊ शकते. तासभर लोळा, बोरं वेचा.

घरी पोहोचल्यावर रात्रीचं जेवण चुकवू नका. स्नायूंमधलं ग्लायकोजन बरंच संपलेलं असतं. ते पूर्ण भरून यायला साधारण एक दिवस लागतो आणि तुम्ही झोपेत असतानाही ते काम सुरू असतं. उद्या पुन्हा निघायचं असेल तर ताटात एक भाकर जास्त घ्या.