हेल्सिंकी–टोकिओ हवाई मार्ग

फिनलंड व जपान यांच्या राजधान्यांना जोडणारा मार्ग. महावर्तुळाच्या कंसाने हेल्सिंकी व टोकिओ (नारिता) विमानतळांतील अंतर सु. ७,८०० किमी. आहे. हा कंस बव्हंशी रशियावरून जात असल्याने येथील प्रवासकाल अंतरापेक्षा त्या देशाच्या अनुज्ञेवरच अधिक अवलंबून राहिला. सोव्हिएट हवाई क्षेत्र टाळून फिनएअर कंपनीने १९८३ मध्ये उत्तर ध्रुवावरून विनाथांबा सेवा सुरू केली, तीस सु. १३ तास लागत. पुढे सायबीरियावरील मार्ग खुला होऊन हा काल सु. साडेनऊ तासांवर आला. युक्रेन युद्धामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये यूरोपीय संघ व रशिया यांनी परस्परांच्या विमानांना हवाई क्षेत्रे बंद केली. मार्चपासून फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून वा दक्षिणेकडून वळसा घेऊ लागली आणि प्रवासकाल, विमाने सुधारलेली असूनही, १९८३ इतकाच झाला. इंधनाचा खर्चही त्यामुळे बराच वाढला.