लेप वाळताना चेहरा का ओढतो?

त्वचेचा पाठ नववी-दहावीच्या वर्गात शिकवताना एक प्रश्न बहुधा येतोच. ‘‘सर, मुलतानी मातीचा लेप लावला की चेहरा घट्ट होतो. म्हणजे कातडी खरंच आवळते का?’’ वर्गात हशा पिकतो आणि पाठ पुढे सरकतो. आम्हांला वाटते, येथे थोडे थांबावे. लेप वाळताना चेहरा ओढला जातो हा अनुभव खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा आहे का, एवढेच तपासायचे आहे.

उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा तळ आपण पाहिलेला असतो. चिकणमातीच्या बारीक कणांमध्ये पाण्याचे पातळ पापुद्रे असतात. पाणी उडू लागले की उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे खेचतो आणि माती आकसते. खालचा थर मात्र तिला धरून ठेवतो. या ओढाताणीत तिला भेगा पडतात. चेहऱ्यावरच्या लेपाचेही तेच होते. फरक इतकाच, की तळ्याचा तळ हलत नाही, कातडी मात्र थोडी ओढली जाते आणि तिच्यातली संवेदनाग्रे ती बातमी मेंदूला कळवतात. डाळीचे पीठ, कोरफडीचा गर, अंड्याचा पांढरा भाग यांपैकी काहीही लावले तरी वाळणारा पातळ थर आकसतो आणि ओढ जाणवते. लेप धुतला की ओढ संपली.

हे दाखवायला चेहरा लागत नाही. ट्रेसिंग पेपरची बोटभर रुंद पट्टी घ्या. तिच्या एका बाजूला डिंकाचे दाट पाणी किंवा कोरफडीचा गर लावा. पट्टी आधी उलट्या बाजूला वळेल, कारण ओली झालेली बाजू फुगते. घाई न करता वाट पाहिली, तर लेप वाळताना तीच पट्टी लेपाच्या बाजूला वळलेली दिसेल. पोस्टाची जुनी तिकिटे डिंकाच्या बाजूला गुंडाळली जातात, तीही याच कारणाने.

आता प्रश्न उरतो तो आत काय शिरते याचा. कातडीचा सर्वांत वरचा थर, म्हणजे शृंगस्तर, मृत पेशींचा असतो. चेहऱ्यावर तो साधारण १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. पण विटा आणि चुना असावा तशी त्याची रचना आहे. पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. त्याच्या खाली बाह्यत्वचेच्या जिवंत पेशी आणि त्याहून खाली अंतस्त्वचा. कातडीला घट्टपणा देणारे कोलॅजेनचे धागे या अंतस्त्वचेत असतात. बाहेरून लावलेला पदार्थ तेथे पोहोचायचा, तर आधी ही भिंत ओलांडावी लागते. २००० साली मांडलेल्या एका ढोबळ नियमानुसार सुमारे ५०० डाल्टनपेक्षा जड रेणूंना धड कातडीतून आत जाणे फार अवघड असते. डाळीच्या पिठातली प्रथिने आणि कोरफडीतल्या शर्करेच्या लांब साखळ्या याच्या कितीतरी पटीने जड आहेत. कोलॅजेनचा एक रेणू तर सुमारे ३ लाख डाल्टनचा. शिवाय कोलॅजेन हे प्राण्यांचे प्रथिन आहे, ते वनस्पतीत नसतेच. ‘वनस्पतिज कोलॅजेन’ असे वेष्टनावर छापलेले दिसले, तर विद्यार्थ्यांना त्यावर जरूर बोलते करावे.

हळदीतल्या कर्क्युमिनचे वजन ३६८ डाल्टन, म्हणजे मर्यादेच्या आत. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात टिकत नाही. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, हे घरी सगळ्यांनी पाहिलेले असते. वजन कमी असले म्हणजे पदार्थ आत जाऊन काम करतोच, असे नाही.

मग लेप निरुपयोगी म्हणायचा का? तसेही नाही. ओल्या लेपाखाली शृंगस्तर पाणी शोषून फुगतो, कोरडेपणाच्या बारीक रेषा काही काळ बुजतात आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. माती तेल शोषते. लोकरीतला स्निग्धांश काढण्यासाठी अशीच माती पूर्वी वापरत. नरकचतुर्दशीला आपण आधी तेल लावतो आणि मग उटणे, त्यातही हेच शहाणपण आहे. उटणे तेल आणि मळ काढते. तेवढे काम ते चोख करते.

लिंबाच्या बाबतीत मात्र आम्ही स्पष्टच सांगू: चेहऱ्याला लावू नये. कातडीचा सामू ५ च्या आसपास, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. प्रत्येक अंकाला दहापट आम्लता धरली, तर हा फरक काही शेपटांचा होतो, हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. शिवाय लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती कातडीवर असताना ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतरचे काळे डाग महिनोन् महिने राहतात. गोरे होण्याच्या आशेने लिंबू लावून उन्हातून शाळेत येणाऱ्या मुलीच्या पदरी नेमके उलटे पडते.

कोलॅजेनचे खरे नुकसान करते ते ऊन. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापले गेले. त्याने २८ वर्षे ट्रक चालवला होता. तेथे चालक डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती, कारण अतिनील किरणांचा अ-पट्टा खिडकीच्या काचेतून आत येतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढे सांगून पुढचा प्रश्न वर्गावर सोपवावा. कोलॅजेन तयार व्हायला शरीराला क जीवनसत्त्वही लागते, पण त्याचा रस्ता पोटातून जातो. आवळा खावा, पेरू खावा.

घट्टपणा मोजायचाच असेल, तर एक सोपी चाचणी आहे. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत पाच सेकंद धरून सोडायची आणि ती सपाट व्हायला लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा. घरातल्या लहानथोरांचा वेळ आणि वय यांचा आलेख काढावा (आजी-आजोबांना विचारूनच!). मग एका हाताला डाळीच्या पिठाचा लेप आणि दुसऱ्याला नुसते पाणी लावून धुतल्यावर लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी मोजावे. कोणता हात कोणता, हे मोजणाऱ्याला सांगू नये. मोजण्यापूर्वी सर्वांनी पुरेसे पाणी प्यालेले असावे. जुलाब झालेल्या बाळाच्या पोटावरची कातडी अशीच चिमटीत धरून डॉक्टर शरीरातले पाणी किती घटले हे पाहतात. दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर ते गंभीर लक्षण मानतात.