शब्द आणि प्रसंग

वर्धा जिल्ह्यांतील नाचणगांव हें पुलगांवाजवळ आहे, असें म्हटलें म्हणजे 'गांव' शब्दाचा कोशांतील अर्थच पुरतो. शब्दाच्या या शक्तीस आपल्या शास्त्रकारांनीं अभिधा म्हटलें. परंतु 'सारें नाचणगांव बाजारास लोटलें' असें ऐकतांच मन तो अर्थ सोडतें; कारण घरें कांहीं चालूं लागत नाहींत. तेथें गांव म्हणजे गांवचे लोक, ही लक्षणा. आतां सायंकाळीं बसलेल्या पाहुण्यास यजमान म्हणतो, 'बाहेर अंधार पडला बरें!' यजमान जिव्हाळ्याचा असेल तर 'आज येथेंच राहा', कंटाळलेला असेल तर 'आतां उठा', असा अर्थ निघतो. शब्द तेच, अर्थ मात्र शब्दांपलीकडचा. ही व्यंजना. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें अशा सूचित अर्थाच्या ध्वनीसच काव्याचा आत्मा मानिलें. बोलणारा, ऐकणारा, स्वर, प्रसंग, देश आणि काल यांवरून तो अर्थ कळतो, असें पुढें मम्मटानें सांगितलें.

विदर्भांत रुजलेल्या महानुभाव पंथास हें मर्म पुरतें उमगलें होतें. केसोबासांनीं चक्रधरस्वामींचीं वचनें 'सूत्रपाठां'त एकत्र केलीं. पण प्रसंगावेगळीं वचनें त्रोटक भासतात. म्हणून कोणतें वचन कोणत्या प्रसंगीं निघालें, हें सांगणारा 'प्रकरणवश' पंथांत रचला गेला.

घरीं वा कचेरींत एकाचें वाक्य दुसऱ्यास सांगणारा बहुधा प्रसंगच गाळतो, आणि निरागस शब्दांतून वैर उभें राहतें. दुसऱ्याचें वाक्य पुढें न्यावें, तर त्याचा प्रसंगही सोबत न्यावा.