तिकिटावर दीड तास, आकाशात सव्वा

मुंबई विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली तर भरते सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने सीएसएमटीहून निघालात तर ८३७. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ पक्ष्याच्या तोडीस तोड! अर्थात तो भिवंडीजवळ आमण्यालाच संपतो. पुढची मुंबई ज्याची त्याने गाठायची.

विमानाला हे अंतर कापायला साधारण सव्वा तास लागतो, तिकिटावर मात्र दीडच्या आसपास लिहिलेलं असतं. कारण कंपन्या वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतची रांगणी आली आणि मुंबईवरच्या घिरट्याही आल्या. मुंबईला धावपट्ट्या दोन खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी कामाला एकच.

हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो. त्यामुळे नागपूरला जाताना पाठीवर थाप, येताना छातीवर.

नागपूरची धावपट्टी मुंबईपेक्षा सुमारे ३०० मीटर उंच. त्यात मे महिन्यातलं ते प्रसिद्ध ऊन! तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला उडायला जास्त धाव घ्यावी लागते.

या मार्गाचा माझा सर्वात आवडता किस्सा मात्र रात्रीचा आहे. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमानं बदलायचे आणि उजाडेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! देशाच्या मध्यावर असण्याचा इतका रोकडा फायदा नागपूरला क्वचितच मिळाला असेल.

आता सूर्याचं गणित. दोन शहरांच्या रेखांशात सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे. म्हणून नागपुरात सूर्य मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी मावळतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. संध्याकाळी नागपूरहून निघालेलं विमान सूर्याच्या मागे धावतं, तेही त्याच्या जवळपास निम्म्या वेगाने. त्यामुळे जमिनीवर झटपट आटोपणारा सूर्यास्त विमानातून जवळजवळ दुप्पट वेळ पाहायला मिळतो. मार्च ते सप्टेंबर उजवीकडची खिडकी मागा. डिसेंबरात सूर्य जवळपास विमानाच्या नाकासमोर मावळतो. तेव्हा हिवाळी अधिवेशन उरकून परतणाऱ्या आमदारांनी कुठलीही खिडकी पटकावली तरी खरा देखावा वैमानिकालाच.